सावत्र आई आवडली

संपादक महोदय,
सोळा वर्षांच्या गर्भवती मुलीवरचा ‘जुनो’ (२००७) हा विनोदी अमेरिकी चित्रपट आमच्या धरमपेठेतल्या मैत्रिणींना ‘नसते धडे’ वाटला. मला तर त्यातली सावत्र आई फार आवडली! सोनोग्राफी करणारी बाई टोमणा मारते, तेव्हा ही तिलाच खडसावते. आपल्याकडे आईच आधी पोरीच्या कानाखाली लावते.

मात्र तिथला मोकळेपणा इथे जसाच्या तसा चालायचा नाही. अठराच्या आतली मुलगी गर्भवती म्हणजे पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) लागू, डॉक्टरांना पोलिसांना कळवावंच लागतं. त्या धास्तीने घरचे गर्भपातासाठी भोंदू डॉक्टरांकडे वळतात. मुलीने आणि पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरांनी तिचं नाव कळवण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्येच स्पष्ट केलंय. आपल्या नागपूर पुरवणीत हे एकदा ठळक छापा.

– एक आई, धरमपेठ, नागपूर