किक मारण्याआधी

कराड, सर्वपित्री अमावास्या

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

काकांची बुलेट जूनपासून पडवीत उभी आहे आणि आता बाहेर काढायची आहे, असं तू लिहिलंस. फार बरं वाटलं. आम्ही तिघं येतोय. उद्या घटस्थापना, म्हणजे कोजागिरीपर्यंत पंधरा दिवस हातात आहेत आणि तेवढ्यात ती गाडी कुंभार्ली घाट चढू शकेल. अट एकच: आम्ही येईपर्यंत तिला किक मारू नकोस. काकांनी आग्रह केला तरी नको. का, ते सविस्तर सांगतो.

चार महिने उभ्या राहिलेल्या गाडीत झिजलेलं काही नसतं. तिचं जे नुकसान झालेलं असतं ते पाण्याने केलेलं असतं. त्यातून तुमच्या चिपळूणची हवा. भिंतीला हात लावला तरी ओला होतो. ते पाणी कुठे बसलंय हे बघायच्या आधी इंजिन फिरवलं, तर गंजाचा कण सिलिंडरवर ओरखडा काढतो, टाकीतला गाळ कार्ब्युरेटरमध्ये उतरतो आणि दोन तासांचं काम दोन आठवड्यांवर जातं.

सुरुवात पेट्रोलच्या टाकीपासून. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेतं आणि पाणी पुरेसं जमलं की त्या पाण्यासकट पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं. नळ चालू केलास की पहिलं तेच खाली येणार. म्हणून नळी काढून सगळं पेट्रोल एका पारदर्शक बरणीत उतरव आणि अर्धा तास हलवू नकोस. खाली वेगळा थर दिसला तर ते पेट्रोल गाडीत परत घालायचं नाही. एक मात्र काळजी घे. घरात नवरात्राचा अखंड दिवा आहे. हे काम अंगणाच्या टोकाला, उघड्यावर कर आणि बरणी रात्री घरात ठेवू नकोस. पेट्रोलची वाफ जमिनीलगत लांबवर पसरते.

टाकी रिकामी झाली की आत टॉर्च मारून बघ. तपकिरी भुकटी असली तर ती घरी साफ होते. नळ काढून तिथे बूच बसव. मग लहान नट मोजून पन्नास टाक, थोडं पाणी घाल आणि टाकी गोधडीत गुंडाळून दोघांनी मिळून हलवा. बाहेर काढताना पन्नासच्या पन्नास मोजून घे. एक आत राहिला तर आयुष्यभर खुळखुळेल. त्यानंतर किराणा दुकानातलं लिंबूसत्व. एका लिटर कोमट पाण्याला ५० ते ७० ग्रॅम या हिशेबाने टाकी काठोकाठ भर आणि एक दिवस तशीच ठेव. पाणी रंगावर सांडू देऊ नकोस, काकांनी जपलेल्या सोनेरी रेघा त्याने खराब होतील. रिकामी केल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धू, मग साध्या पाण्याने, आणि लगेच वाळव. इथे बहुतेकांची चूक होते. धुतलेलं उघडं लोखंड ओलं राहिलं तर तासाभरात पुन्हा तांबूस होतं. हवेचा पंप किंवा केस वाळवायचं यंत्र लाव आणि पूर्ण कोरडी झाली की वाटीभर इंजिन ऑइल आत फिरवून काढून टाक. सहाव्या माळेच्या आत एवढं उरकलंस तर पुढचं आपण सगळे मिळून करू.

आता इंजिन. ही जुनी बिडाच्या सिलिंडरची बुलेट आहे: ३४६ सीसी, ७० मिलिमीटर बोअर, ९० मिलिमीटर स्ट्रोक. हिचं तेल क्रँकखाली, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याखाली, साठत नाही. त्याच ओतीव केसिंगमध्ये मागच्या बाजूला वेगळी टाकी आहे, तिथून पंप तेल घेतो. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की तेल पंपातून झिरपून क्रँकच्या कप्प्यात उतरतं. तुला डिपस्टिक कोरडी दिसेल आणि तेल संपलं असं वाटेल. वरून लिटरभर घातलंस की फसलास. सुरू झाल्यावर खालचं तेल वर येतं, टाकी उतू जाते, ब्रीदरमधून तेलाचे शिंतोडे उडतात आणि सायलेन्सरमधून निळ्या धुराचा लोट निघतो. मग कुणीतरी ‘रिंगा गेल्या’ म्हणून सांगतं आणि विनाकारण इंजिन उघडलं जातं. म्हणून खालचे दोन्ही ड्रेन नट सोडून सगळं तेल काढायचं. तेल ताकासारखं पांढरट असलं तर पाणी शिरलंय. पेट्रोलचा वास आला तर कार्ब्युरेटरची फ्लोटची सुई अडकून पेट्रोल आत उतरलंय. फिल्टर बदलून नवं २०डब्ल्यू५० घालायचं, सव्वादोन लिटर. पाच मिनिटं इंजिन चालल्यावर पुन्हा डिपस्टिक बघायची. खरी पातळी तेव्हाच कळते.

त्याआधी प्लग काढून भोकातून दोन चमचे इंजिन ऑइल सोड आणि रात्रभर ठेव. सिलिंडर बिडाचा असल्यामुळे रिंगांच्या रेषेत गंज धरतो. दुसऱ्या दिवशी प्लग बाहेरच ठेवून किक हाताने हळूहळू दाब. फिरलं तर उत्तम. नाही फिरलं तर निम्मं डिझेल, निम्मं ऑइल घालून दोन दिवस वाट बघ. पिस्टन अडकलेला असताना किकवर उभं राहून उड्या मारल्या की किकच्या आतला कुत्रा (दात्यात अडकणारा खटका) तुटतो आणि त्यासाठी गिअरबॉक्स उघडावा लागतो.

आणखी एक जागा लोक विसरतात, ती म्हणजे सायलेन्सरचं तोंड. पावसाळ्यात कुंभारीण माशी तिथे मातीचं घर बांधते. वायर घालून बघ. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने चिंध्या भरल्या आहेत का, तेही बघ. हेडलाइटच्या मागच्या वायरी त्याच उंदराने कुरतडलेल्या असतात.

आम्ही सप्तमीला सकाळी पोचतो. आपला वायरमन बॅटरी आणि पॉइंट (स्पार्कसाठी उघडमिट करणारी संपर्काची जोडी) बघेल, मास्तर कार्ब्युरेटर उघडेल, चेन आणि ब्रेक माझ्याकडे. टॅपेटला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या (पुशरॉडच्या) जुळणीला, मात्र चौघं लागू.

बॅटरी चार्जिंगला लावण्याआधी सेलमध्ये डिस्टिल्ड वॉटर भरायचं आणि क्षमतेच्या दहाव्या भागाएवढ्याच करंटने चार्ज करायची. पेट्रोल पंपाशेजारच्या दुकानात तासाभरात ‘फास्ट’ करून देतात. त्याने प्लेटा वाकतात. चार्जिंगनंतर काही तास थांबून १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर बॅटरी चांगली. १२ च्या खाली गेली तर नवी घेऊ, कारण ही गाडी स्पार्कसाठी बॅटरीवर अवलंबून आहे.

दमट हवेत पॉइंटच्या तोंडावर पांढुरकी साय धरते आणि स्पार्कच येत नाही. पॉलिश पेपर लावायचा नाही, त्याचे कण तोंडात रुततात. बारीक कानशीचे दोन हात पुरे. मग जाड कोऱ्या कार्डाचा पेट्रोलमध्ये बुडवलेला तुकडा मधून ओढायचा. गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, फिलर गेजने, पॉइंट पूर्ण उघडलेले असताना. फायबरच्या टाचेला गव्हाच्या दाण्याएवढंच ग्रीस. जास्त लावलं तर ते उडून तोंडावर बसतं. प्लगची गॅप अर्धा मिलिमीटर. कंडेन्सर नवा घेऊन ठेव. जुना कंडेन्सर थंड इंजिनात चालतो आणि गरम झाल्यावर दगा देतो, म्हणजे नेमका घाटाच्या मध्यावर.

कार्ब्युरेटरमध्ये सगळा जीव पायलट जेटच्या भोकात आहे. ते केसाएवढं बारीक असतं, म्हणून पहिलं तेच बुजतं. गाडी चोक ओढून सुरू होते आणि चोक सोडला की बंद पडते, हे त्याचं लक्षण. जेट पितळेचा असतो, त्यात स्टीलची तार घालायची नाही. भोक मोठं झालं की गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. वायरमधला तांब्याचा एक धागा किंवा कार्ब क्लीनरचा फवारा वापरायचा. एअर स्क्रू अलगद शेवटपर्यंत बसवून दीड आटा उघडायचा, बारीक जुळणी इंजिन गरम झाल्यावर.

टॅपेटचं झाकण सिलिंडरच्या उजव्या बाजूला आहे. इंजिन पूर्ण थंड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला. पुशरॉड दोन बोटांत धरून स्वतःभोवती फिरली पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. घट्ट राहिली तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो. सैल राहिली तर टकटक ऐकू येते. जुळवताना तीन पाने एकाच वेळी लागतात: एक खालचा षटकोन धरायला, एक अ‍ॅडजस्टरला, एक लॉक नटला. दोघांचे हात तिथे, तिसरा टॉर्च धरतो, चौथा रॉड फिरवून बघतो. लॉक नट आवळताना जुळणी हमखास बदलते, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा तपासायची. शांतपणे, चहा बाजूला ठेवून करायचं काम.

पाने म्हणजे काकांच्या पेटीतलेच हवेत. १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली ती इंग्लंडच्या आराखड्यांवर, त्यामुळे या गाडीचे बरेच नट-बोल्ट इंची मापाचे आहेत. मिलिमीटरचा पाना जवळपास बसतो, पण नीट नाही. जोर लावला की नटाचे कोपरे गोल होतात. ती पेटी शोधून ठेव. पाने रॉकेलने पुसून खंडेनवमीला पूजेत मांडू.

क्लच प्लेटा बहुधा चिकटलेल्या असतील. क्लच हँडलला सुतळीने बांधून रात्रभर दाबून ठेव, सकाळी दुसऱ्या गिअरमध्ये गाडी पुढेमागे ढकल. सुटल्या नाहीत तरच डाव्या बाजूचं झाकण उघडू. ते एकाच नटावर बसतं. गळतं म्हणून लोक तो नट ताकद लावून आवळतात, त्याने झाकण वाकतं आणि जास्तच गळतं. रबर नवं टाकायचं, नट बेताने.

ब्रेकचे ड्रम आतून तांबूस झालेले असणार. ८० नंबरच्या पेपरने ड्रम आणि लायनर दोन्ही घासू. ती धूळ तोंडाने फुंकायची नाही, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसायची. चेन डिझेलमध्ये धुऊन, कोरडी करून तेल. ढिलाई मधोमध एक इंच, चेन जिथे सगळ्यात ताठ होते तिथे मोजून. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या गोगलगायी चकत्या सारख्याच खाचेवर ठेवायच्या, नाहीतर चाक तिरकं बसतं. चेनच्या लॉकचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला. हवा पुढे १८, मागे २८ पाउंड. मागे कुणी बसणार असेल तर मागे ३२.

दसऱ्याला पहिली किक काकांची. त्यांचा गुडघा साथ देत नसेल तर त्यांनी अ‍ॅमीटरकडे बघून सांगावं, तू मार. स्विच चालू, किक हळू दाबत न्यायची, काटा मधे येऊन थांबला की डिकॉम्प्रेशनची (सिलिंडरमधला दाब सोडणारी) लिव्हर ओढून किक थोडीशी पुढे, लिव्हर सोडायची, किक वर घ्यायची आणि मग एक सलग, पूर्ण किक. ताकदीचं काम नाही, जागेचं आहे. सुरू झाली की लगेच रॉकरकडे जाणाऱ्या तेलाच्या नळीचा बोल्ट जरा सैल कर. तिथे तेल पाझरलं पाहिजे. मिनिटभरात दिसलं नाही तर बंद. झेंडूचा हार हँडलला बांधताना केबल आणि हेडलाइट मोकळे राहू देत, आणि सायलेन्सरपासून लांब.

दुसऱ्या दिवशी गुहागर रस्त्याला वीसेक किलोमीटर फिरवून आणू आणि आल्यावर सगळे नट पुन्हा आवळू. ही गाडी थरथरते, नवे आवळलेले नट पहिल्या फेरीत सैल होतातच. परतीचा पाऊस आला तर थांबू, घाई नाही.

कोजागिरीला दुपारी तीनला निघायचं. कुंभार्ली चढताना तिला तिच्या चालीने चढू दे, मधे एकदा दहा मिनिटं थांबवून तेलाचा डाग कुठे पडतो ते बघ. हिचा गिअर उजव्या पायाला, पहिला वर आणि बाकीचे खाली, ब्रेक डाव्या पायाला. मास्तरला नव्या गाड्यांची सवय आहे, तो कितीही म्हणाला तरी घाटात त्याच्या हाती देऊ नकोस. गडबडीत ब्रेक म्हणून गिअर दाबला जातो. कोयनानगरला पोचू तेव्हा चंद्र वर आलेला असेल. दूध तिथेच आटवू. स्टोव्ह आणि पातेलं आम्ही आणतो, मसाला वहिनींच्या हातचा हवा. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या जोरावर. ब्रेक धरून ठेवले तर ड्रम तापून पकड जाते.

काकांना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, छोटीला आशीर्वाद. टाकीतलं पेट्रोल बरणीत कसं दिसलं ते लगेच कळव, म्हणजे येताना काय आणायचं ते ठरवता येईल.

तुझाच,
कराडकर

ता. क. क्लचची जादा केबल घेऊन ठेव आणि जुन्या केबलला समांतर, टाकीखालून चिकटपट्टीने बांधून ठेव. घाटात तुटली तर फक्त दोन टोकं बदलायची, टाकी काढावी लागत नाही.