तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींना

मावशी,

रोज जिन्यात भेट होते, पण हे तोंडावर बोलायला गेले की गळा दाटतो. म्हणून लिहिते आहे.

जुलैतल्या त्या पावसात गेटजवळच्या स्कूटरखाली ओरडणारं पिल्लू मी ओढणीत गुंडाळून वर आणलं, तेव्हा मला मांजराचं काहीच कळत नव्हतं. बशीभर दूध दिलं. ठमीनं ते चाटूनपुसून संपवलं आणि संध्याकाळपर्यंत तिला जुलाब लागले. मी घाबरून फिनेल ओतून लादी पुसत सुटले, मुलगी तिला उचलायला मागे धावू लागली, आणि ठमी जी फ्रिजमागे शिरली ती बाहेर येईना. रात्री अकराला मी तुमचं दार वाजवलं.

तुम्ही आलात ते आधी फिनेलची बादली बाहेर ठेवलीत. मांजर पंजे चाटतं, लादीवरचं सगळं त्याच्या पोटात जातं, आणि फिनेल त्याच्या यकृताला पचत नाही, असं सांगत सांगत साध्या पाण्यानं दोनदा लादी तुम्हीच पुसलीत. दूध बंद, पाणी समोर. मग पलंगाखालच्या कोपऱ्यात चपलांचं खोकं आडवं ठेवून त्यात तुमची जुनी सुती साडी अंथरलीत, कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून आत सरकवलीत. रेतीचं घमेलं मात्र खाण्यापासून लांब, मोरीपाशी.

मी फ्रिज सरकवायला निघाले तर हात धरलात. ‘‘ओढू नकोस गं तिला. एवढं घर एकदम तिचं कसं होईल? आधी एक कोपरा होऊ दे.’’ दिवा मालवून तुम्ही लादीवरच बसलात. गुडघे दुखतात तुमचे, मला माहीत आहे. दीड तास बसलात. ठमीकडे रोखून बघायचं नाही, नजर मिळाली तर डोळे सावकाश मिटायचे आणि उघडायचे, हे मुलीला कानात सांगितलंत. एरवी एका जागी न बसणारी माझी पोर तुमच्या मांडीला टेकून मुकाट डोळे मिटत होती. एकच्या सुमारास फ्रिजमागून आधी मिश्या आल्या, मग ठमी. थेट खोक्यात गेली.

सकाळी परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात बरोबर आलात. ठमीचं वजन करून जंताचं औषध दिलं; लस जुलाब थांबल्यावर द्यायची, हे डॉक्टरांना तुम्हीच विचारून घेतलंत. पुढचे आठ दिवस बिनमिठाचं, कांदा-लसूण न घातलेलं उकडलेलं चिकन तुमच्याकडून वाटीत येत होतं. तुम्ही स्वतः मांसाहार करत नाही, तरी वेगळं पातेलं ठेवलंत. हे मला फार नंतर कळलं.

आणि गॅलरीची जाळी. चौथा मजला, कठड्यावर कबुतरं. मी ‘पुढच्या पगाराला बघू’ म्हणत होते. तुम्ही जाळीवाल्याला घेऊनच आलात. परवा ठमीनं कबुतरावर झेप घेतली आणि जाळीला आपटून खाली बसली. मी तिला उराशी धरून कितीतरी वेळ तशीच उभी राहिले.

आता ती पाच महिन्यांची आहे. पुढच्या आठवड्यात तिचं नसबंदीचं ऑपरेशन. तुमची साडी अजून तिच्याच खोक्यात आहे. दुसरं काही घातलं की ती झोपत नाही. त्या दिवशी घरी आणल्यावर तुम्ही थोडा वेळ येऊन बसाल का?

तुमची,
चौथ्या मजल्यावरची