गणपतीची भेग बुजवू नका

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, आपल्या सागवानी गणपतीच्या पोटावरची भेग एमसीलने बुजवायचं फोनवर म्हणालात, म्हणून लगेच लिहितेय. बुजवू नका. सागवान लांबीत जवळजवळ हलत नाही, पण आडवं दर पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. त्यातही वर्षवलयांच्या गोलाईने जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच सालीकडून गाभ्याकडे. ही ओढाताण कुठेतरी फुटून निघते, तीच ही भेग. मे महिन्यात रुंद, श्रावणात जवळपास मिटलेली. आत्ता तिच्यात घट्ट एमसील भरलंत, तर पावसात लाकडाला फुगायला जागा उरणार नाही आणि शेजारी दुसरी भेग पडेल. त्यापेक्षा कागदाची कड तिच्यावर आडवी धरून दोन्ही काठांच्या खुणा करा, तारीख घाला. पुढच्या मे महिन्यात रुंदी तेवढीच भरली, तर तिला हातही लावायचा नाही.

आई, तुझं खोबरेल मात्र बंद. ते वाळतच नाही. समईची काजळी आणि उदबत्तीची राख धरून ठेवतं. सोंडेच्या वळणातला काळा चिकट थर त्याचाच. जवसाचं तेल वाळतं, पण वर्षागणिक काळवंडतं आणि मग निघत नाही. शिवाय त्यात भिजलेला बोळा कोपऱ्यात टाकला तर आपोआप पेटू शकतो.

रोजची धूळ मऊ केसांच्या एक इंची ब्रशने, वरून खाली. ब्रशच्या पत्र्याला चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर नक्षीवर ओरखडे उठतात. फडकं नको, धागा अंकुशाच्या टोकाला अडकला की टोकच तुटतं. काळ्या थरासाठी कापसाची काडी डिस्टिल्ड पाण्यात बुडवून, टिपून, नुसती फिरवत न्यायची. काळी झाली की नवी घ्यायची, आणि जागा लगेच कोरडी करायची. (म्युझियममध्ये मूर्तींची सफाई करणारे यासाठी चक्क थुंकी वापरतात, तिच्यातली विकरं मळ सोडवतात. बाप्पाला उष्टं लावलेलं बाबांना चालणार नाही, तेव्हा पाणीच.) त्याने सुटला नाही, तर काडीवर थेंबभर टर्पेंटाइन, आधी बैठकीच्या मागे लावून पाहा, समई विझवून आणि खिडक्या उघडून.

मेण वर्षातून एकदाच, पावसाळा सरल्यावर. 25 ग्रॅम मधमाश्यांचं मेण गरम पाण्यात ठेवलेल्या वाटीत वितळवा, गॅस बंद करा आणि मगच 75 मिली टर्पेंटाइन ओता. थंड झाल्यावर मलम होतं. अगदी पातळ लावा, अर्ध्या तासाने कोरड्या ब्रशने चमकवा. जाड लावलंत तर नक्षीत पांढरं साचतं.

हे सगळं बिनरंगाच्या गणपतीसाठी. सावंतवाडीच्या रंगीत लक्ष्मीला फक्त ब्रश, आणि रंगाचे पापुद्रे सुटत असतील तर तोही नको.

अभिषेकाचं म्हणशील, तर पुरीचा जगन्नाथ कडुनिंबाच्या लाकडाचा. तिथे रोजचं स्नान आरशातल्या प्रतिबिंबाला घालतात. प्रत्यक्ष 108 घडे ज्येष्ठ पौर्णिमेला, आणि त्यानंतर साधारण पंधरा दिवस दर्शन बंद ठेवून रंग पुन्हा चढवावा लागतो. आपण तामणातल्या सुपारीवर अभिषेक करू. गंध-कुंकू पायाशी विड्याच्या पानावर. ओली जास्वंद खांद्यावर ठेवू नकोस, आणि समई हातभर लांब.

आता बाबांचं काम. पाठीमागे एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं आहेत का पाहा. सागाचा गाभा किडे सहसा खात नाहीत, पण सालीलगतच्या पांढुरक्या लाकडातलं पिष्ट त्यांना आवडतं. नुसती भोकं दिसली तर घाबरू नका, ती किडा बाहेर पडून गेल्याचीही असतात. मूर्तीखाली काळा पुठ्ठा पंधरा दिवस ठेवा. त्यावर मैद्यासारखा ताजा भुसा पडला, तर मूर्ती प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून बाकी लाकूडसामानापासून वेगळी ठेवा आणि मला फोन करा. रॉकेल ओतू नका, समोर निरांजन असतं.

तुमची,
लेक