माशी होडीच्या पुढे टाक

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

मिडल फोर्क नदीवरच्या राफ्टमधून मासेमारीच्या सहलीचं बुकिंग पक्कं झाल्याचं वाचून फार बरं वाटलं. ऑगस्टचा पहिला आठवडा चांगला निवडलास. वितळलेल्या बर्फाचा पूर तोवर ओसरलेला असतो, पाणी नितळ असतं आणि काठच्या गवतात टोळ उडू लागलेले असतात. जायच्या आधी काय शिकू, असं तू विचारलंस, तर पहिली गोष्ट हीच सांगते: काठावर उभं राहून फ्लाय (गळावर बांधलेली कीटकासारखी नकली माशी) टाकणं आणि वाहत्या होडीतून टाकणं ही दोन वेगळी कामं आहेत. काठावर तू स्थिर असतेस आणि पाणी पुढे जातं. होडीत तूही पाण्याबरोबर निघालेली असतेस, त्यामुळे हाताचं सगळं गणित बदलतं.

आधी नदी समजून घे. अमेरिकेच्या आयडाहो राज्यातल्या बाउंडरी क्रीकपासून मुख्य सॅमन नदीच्या संगमापर्यंत ही नदी सुमारे १६० किलोमीटर वाहते आणि तिच्या काठाने रस्ता जात नाही. १९६८च्या कायद्याने अमेरिकेत ज्या पहिल्या आठ नद्यांना संरक्षण मिळालं, त्यांतली ही एक. भोवतालचा प्रदेश १९८०पासून संरक्षित अरण्य आहे. नदीवर मोटरबोट चालत नाही, मोबाइलला रेंज नाही, बाहेर पडायला वाटेत थोड्याच धावपट्ट्या. पाणी फार उतरलं तर वरचा खडकाळ टप्पा राफ्टला अडतो. मग छोट्या विमानाने इंडियन क्रीकच्या धावपट्टीवर उतरवतात आणि सहल तिथून सुरू होते. त्या विमानात सामानाच्या वजनावर कडक मर्यादा असते, म्हणून सामान पहिल्यापासून एकाच ड्रायबॅगमध्ये (पाणी न शिरणाऱ्या पिशवीत) मावेल एवढंच भर.

आता मुख्य काम. बहुतेक वेळा तुझी राफ्ट मधल्या वेगवान धारेत असेल आणि मासा काठालगतच्या संथ पाण्यात, खडकाच्या आड किंवा दोन धारांच्या सांध्यावर असेल. म्हणजे होडी फ्लायपेक्षा वेगाने पुढे सरकते. फ्लाय सरळ बाजूला, काटकोनात टाकलीस तर दोनतीन सेकंदांत होडी तिला मागे टाकते, लाइन ताणली जाते आणि फ्लाय पाण्यावर रेघ ओढत फरफटते. खरा कीटक असा कधीच पोहत नाही, आणि कटथ्रोट ट्राउट हा इथला मासा कितीही भोळा म्हणत असले तरी त्याला हे कळतं. म्हणून फ्लाय होडीच्या पुढे, साधारण ४५ अंशांत टाकायची. होडी जसजशी तिच्याजवळ येते तसतशी लाइन आपोआप सैल पडत जाते आणि फ्लाय पाच-दहा मीटर मोकळी तरंगते. अंतर फार लागत नाही. दहा-बारा मीटर नेमकं जमलं की पुरे. लांब फेकण्याच्या नादात नेम जातो.

फ्लाय टेकली की लगेच मेंड कर, म्हणजे रॉडच्या टोकाने लाइनचा मधला भाग उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला ठेव. होडीजवळचं पाणी वेगवान आणि फ्लायजवळचं संथ असेल तेव्हा मेंड वरच्या बाजूला. उलट, होडी संथ पाण्यात आणि फ्लाय वेगात असेल तर खालच्या बाजूला. हे पाठ करू नकोस, दर वेळी पाणी बघून ठरव. मेंड एकच आणि लवकर. उशिरा केलेला मेंड फ्लायलाही हलवतो. सैल पडलेली लाइन डाव्या हाताने हळूहळू गोळा करत राहा, मात्र ताण येऊ देऊ नकोस. ती तशीच पडली तर मासा लागल्यावर रॉड उचलूनही गळ रुतत नाही. गोळा केलेली लाइन पायाखाली येते आणि राफ्टच्या चौकटीत, बुटांच्या नाड्यांत अडकते. म्हणून नाड्या आत खोचून घे आणि दर काही मिनिटांनी खाली नजर टाक.

मागे राहून गेलेल्या जागेकडे वळून फ्लाय टाकण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. तो आवरायला हवा, कारण तिथे टाकलेली फ्लाय पहिल्या क्षणापासून फरफटते आणि तेवढ्यात पुढच्या दोन चांगल्या जागा निघून जातात. गाईड "पुढचा राखाडी खडक, त्याची डावी कड" असं म्हणाला की हातातली फ्लाय उचलून तिकडे टाक. तो वल्ही उलटी मारून होडीचा वेग कमी करतो तो तुझ्या फ्लायचा वेग आणि होडीचा वेग जुळावा म्हणून. तो कशाकडे बघतोय ते बघत गेलीस तर दुसऱ्या दिवसापासून त्याने सांगायच्या आधीच जागा दिसू लागतील: खडकाच्या पुढच्या अंगाचा पाण्याचा फुगवटा, उताराच्या खालचा हिरवट खळगा, सावलीतला काठ, लून क्रीक किंवा बिग क्रीकसारख्या ओढ्याचं थंड पाणी मिळतं ती जागा. वादळी पावसानंतर वणव्यात जळलेल्या उतारांवरून एखादा ओढा चिखल आणतो. तेव्हा मासेमारी त्याच्या संगमाच्या वर करायची, खाली काही दिसत नाही.

राफ्टवर दोघं गळ टाकतात, एक पुढे, एक मागे, आणि मध्ये वल्ह्यांवर गाईड. दोघांनी एकाच बाजूला टाकायचं. पुढचीने पुढे तिरकं, मागच्याने जरा कमी कोनात, तिच्या लाइनच्या मागे. रॉडची फेक होडीच्या बाहेरच्या बाजूने, वल्हेकऱ्याच्या डोक्यावरून कधीच नाही. हवेत रॉड मागेपुढे झुलवत राहणं टाळ. एकदा उचल, एकदा टाक. जेवढा वेळ फ्लाय हवेत, तेवढा वेळ ती कुणाच्या तरी कानाजवळ असते. दुपारी दरी तापली की वारा बहुधा नदीच्या उलट, वरच्या दिशेने वाहतो. तेव्हा रॉड आडवा धर, लाइन पाण्याच्या जवळून जाऊ दे आणि लीडर (लाइनच्या टोकाला जोडलेला बारीक दोरा) थोडा आखूड कर.

वेस्टस्लोप कटथ्रोट हळू वर येतो. जबड्याखालची ती नारिंगी रेघ दिसली की हात शिवशिवतात आणि घाईत फ्लाय त्याच्या तोंडातून निघून जाते. तोंड मिटून तो खाली वळेपर्यंत थांब. मासा तुझ्या खालच्या बाजूला असतो आणि तोंड प्रवाहाकडे, म्हणजे तुझ्याकडे, करून असतो. अशा वेळी सरळ वर ओढलं तर गळ निसटतो. रॉड पाण्याला जवळजवळ समांतर, आडवा ओढ.

सामान फार लागत नाही. ९ फुटी, '५ वेट' (लाइनच्या वजनाचा क्रमांक) श्रेणीचा, चार तुकड्यांचा रॉड, तरंगणारी लाइन, ९ फुटी ४एक्स लीडर, आणि मोठ्या टोळ-फ्लायसाठी थोडी जाड ३एक्स टिपेट (लीडरच्या टोकाचा, फ्लाय बांधायचा दोरा). बारीक टिपेटवर मोठी फ्लाय गिरक्या खाते आणि दोरा पिळतो. फ्लायच्या पेटीत फोमचे टोळ ८ ते १२ नंबरचे, स्टिम्युलेटर १० ते १४, एल्क हेअर कॅडिस आणि पॅराशूट ॲडम्स १४ ते १६. प्रत्येकी चार-पाच ठेव, खडकांत आणि झुडपांत जातातच. या नदीवर पकडलेला ट्राउट सोडणं बंधनकारक आहे, आमिष चालत नाही आणि गळ एकेरी, बिनकाट्याचा (टोकामागचा उलटा काटा नसलेला) लागतो. घरीच चिमट्याने प्रत्येक गळाचा काटा चेपून ठेव आणि कापसातून ओढून बघ, धागा अडकला तर काटा नीट चेपला नाही. आयडाहोचं बाहेरच्या रहिवाशांसाठीचं मासेमारी लायसन्स स्वतः काढ, ते गाईडच्या परवान्यात येत नाही. पोलराइज्ड चष्मा दोरीसकट घे. पाण्यातलं दाखवतो आणि गळापासून डोळाही वाचवतो.

मासा हाताळताना हात ओले हवेत. कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. रबराच्या जाळ्यात, पाण्यातच ठेवून गळ काढ. फोटो काढायचा असेल तर आधी कॅमेरा तयार, मग मासा वर, आणि १० सेकंदांत परत आत. गळ खोल गेला असेल तर उपसू नकोस, टिपेट कापून टाक. पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर गेलं तर त्या दिवशी थांबायचं. उन्हात दमलेला ट्राउट सोडल्यावरही मरतो, वरून पोहून गेलेला दिसला तरी. पाठीवरच्या परावर एकही काळा ठिपका नसलेला मोठा मासा लागला तर तो बुल ट्राउट असू शकतो. तोही संरक्षित आहे, पाण्याबाहेर न काढताच सोड. ऑगस्टमध्ये चिनूक सॅमन वाळूखड्यांत अंडी घालू लागतात. नदीच्या तळात धुतल्यासारखा उजळ, स्वच्छ खड्यांचा पट्टा दिसला तर त्यात पाय ठेवू नकोस.

रॅपिड (खडकांतला वेगवान खळाळ) आला की गाईड रॉड आवरायला सांगेल. लाइन गुंडाळ, गळ रॉडवरच्या कडीत अडकव, रॉड त्याच्या जागी खोच, खाली बस आणि होडी घट्ट पकड. वेल्व्हेट फॉल्स सुरुवातीपासून काही मैलांवरच आहे आणि त्याचा आवाज फारसा आधी येत नाही. टॅपन फॉल्स बराच खाली. "अजून एकच कास्ट" हे या जागांवर चालत नाही. लाइफ जॅकेट पाण्यावर असेपर्यंत कायम घट्ट बांधलेलं हवं, आणि पट्टे दर सकाळी पुन्हा ओढून बघ, ओले झाले की सैल पडतात. पडलीस तर पाठीवर तरंग, पाय पुढे, प्रवाहाच्या खालच्या दिशेला, पायांचे तळवे पाण्याच्या वर. वाहत्या पाण्यात उभी राहायला जाऊ नकोस. पाय दगडांत अडकला तर पाण्याचा जोर अंग पुढे लोटतो आणि डोकं खाली जातं. कमरेच्या खाली पाणी दिसलं तरी हा धोका असतोच. होडी जवळ असेल तर कडेची दोरी धर, नाहीतर काठाकडे तिरकी पोह.

कॅम्पचं थोडक्यात. वरच्या भागात ऑगस्टमध्येही पहाटे हात गारठतात, दुपारी ३० अंशांच्या वर जातं. लोकरीचा किंवा फ्लीसचा एक थर आणि पावसाचं जॅकेट हवंच, सुती कपडे ओले झाले की वाळत नाहीत. शौचासाठी कॅम्पवर डबा असतो आणि तो भरून परत न्यावा लागतो. आग फक्त लोखंडी ताटात. गरम पाण्याच्या झऱ्यांत साबण नाही. खालच्या दरीत खडखड्या साप आहेत, म्हणून हात जिथे दिसत नाही अशा कपारीत घालायचा नाही. खडकांवर इथल्या मूळ रहिवासी तुकुदिका लोकांची लाल चित्रं आहेत, त्यांना बोट लावू नकोस, त्वचेच्या तेलाने रंग खराब होतो. तुझं दम्याचं औषध दोन वेगळ्या पिशव्यांत ठेव आणि गाईडला पहिल्याच दिवशी दाखव. वणव्याचा धूर दरीत उतरला तर लागेल. डाव्या खांद्याबद्दलही सांगून टाक, तो तुला कोणत्या बाजूच्या सीटवर बसवायचं ते त्यावरून ठरवेल. शेवटी टीपची रीत आहे, साधारण सहलीच्या रकमेच्या १० ते २० टक्के, ती सगळ्या गाईडांमध्ये वाटली जाते.

निघायला तीन आठवडे आहेत, रोज वीस मिनिटं सराव कर. गवतावर फ्लायच्या जागी लोकरीचा तुकडा बांध, ताटाएवढी कडी ठेव आणि सावकाश बाजूला चालत चालत टाक. कडी समोर येईपर्यंत थांबू नकोस, ती तुझ्या पुढे, तिरकी असतानाच लोकर तिच्यात पडली पाहिजे. मग वळायचं आणि दुसऱ्या बाजूने तेच. पन्नासातल्या तीस पडायला लागल्या की मला कळव, मग आपण मेंडकडे वळू.

तुझी,
आई