शेवटचं प्लास्टर निघालं, उपचार संपले नाहीत : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री,
सविनय नमस्कार.

माझ्या मुलीचा उजवा पाय जन्मतः आत वळलेला होता. क्लबफूट. साधारण हजारात एका बाळाला हा दोष असतो, म्हणजे आपल्या खात्याला तो नवा नाही. जिवाला धोका नसतो, वेळेवर हाती घेतलं तर पाऊल छान सरळ होतं, आणि म्हणूनच की काय, मोठ्या आजारांच्या रांगेत त्याचा नंबर मागे लागतो. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते आमच्या कार्डावरच्या एका शेऱ्याबद्दल. शेवटचं प्लास्टर निघालं त्या दिवशी रुग्णालयाने त्यावर 'उपचार पूर्ण' असं लिहून दिलं. मुलगी तेव्हा काही महिन्यांची होती आणि उपचारांची जवळपास चार वर्षं अजून बाकी होती.

पद्धत पॉन्सेटींची. डॉ. इग्नासिओ पॉन्सेटी मूळचे स्पेनचे, काम केलं अमेरिकेत, आयोवा विद्यापीठात. मोठ्या शस्त्रक्रिया करून सरळ केलेले पाय पुढे ताठरतात, दुखतात, हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणून हाताने पाऊल हळूहळू वळवत नेऊन प्लास्टर घालायची रीत त्यांनी बसवली. १९६३ साली निष्कर्ष छापले, तरी जगाने ते मनावर घ्यायला नव्वदचं दशक उजाडावं लागलं. दर आठवड्याला जांघेपासून बोटांपर्यंत नवं प्लास्टर, अशी बहुधा पाच-सहा. मग बहुतेक बाळांची टाचेमागची घट्ट कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा दोर, छोट्याशा छेदाने मोकळी करतात आणि ती पुन्हा जुळून येईपर्यंत तीन आठवडे शेवटचं प्लास्टर राहतं. यात लागतं ते मुख्यतः शिकलेल्या हातांचं कसब. युगांडा आणि मलावीमध्ये तर डॉक्टर नसलेले प्रशिक्षित आरोग्य कर्मचारीही ही प्लास्टरं घालतात. त्यामुळे मनुष्यबळ नाही, ही सबब इथे फारशी चालणार नाही.

प्लास्टरचे आठवडे सोपे नसतात, पण त्यात आईबाप एकटे नसतात. दर आठवड्याला कुणीतरी जाणकार पाय बघतं. घरी काय बघायचं तेही सांगतात : बोट दाबून सोडायचं, फिकट पडलेला रंग लगेच परत आला तर रक्त नीट फिरतंय. बोटं प्लास्टरच्या आत दिसेनाशी व्हायला लागली, तर प्लास्टर घसरलंय, थांबायचं नाही. आम्हाला सगळं नीट सांगितलं गेलं. डॉक्टरांच्या कामाबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे.

खरी परीक्षा ब्रेसची. एका दांडीला जोडलेले दोन बूट. पहिले तीन महिने दिवसातले २३ तास, पुढे मूल चार वर्षांचं होईपर्यंत रात्रभर आणि दुपारच्या झोपेत. एकच पाय वळलेला असला तरी बूट दोन्ही पायांत. वळलेला पाय बाहेरच्या बाजूला ६० ते ७० अंशांत, चांगला ३० ते ४०. 'चांगल्या पायाला कशाला शिक्षा?' असं येणारा-जाणारा विचारतो. दांडीशिवाय तो कोन टिकत नाही आणि दांडीचं दुसरं टोक कुठेतरी अडकवावं लागतंच, हे उत्तर आता माझं पाठ झालंय.

गोची अशी की, तोवर पाऊल दिसायला अगदी सरळ झालेलं असतं. पुन्हा आत वळायची ओढ मात्र त्यात पुढची काही वर्षं शिल्लक असते. ती डोळ्यांना दिसत नाही, रडणारं मूल तेवढं दिसतं. मग घरातलीच मोठी माणसं म्हणतात, 'बरा झालाय ना पाय? काढा ते लोढणं, झोपू द्या लेकराला.' माझ्या बायकोला तर वरून हेही ऐकावं लागलं की, दिवस असताना तिनेच काहीतरी केलं असणार. बहुतेक मुलांत नेमकं कारण सापडत नाही, आनुवंशिकतेचा थोडाफार वाटा असतो, आणि तो बापाकडूनही येऊ शकतो. मला मात्र अजून कुणी काही विचारलेलं नाही.

ब्रेस मध्येच सुटणं हे पाऊल पुन्हा वळण्याचं सर्वांत मोठं कारण. आणि तो सुटतो कसा ते सांगतो. टाच बुटात खाली टेकलेली नसते. पाऊल सरकतं, घासतं, फोड येतो. फोड आला की मूल बुटाला पाय लावू देत नाही. एक रात्र जाते, मग दुसरी. आणि यातलं बरंचसं टळू शकतं! मधला पट्टा आधी आवळायचा, टाच टेकली का ते बुटाच्या मागच्या छिद्रातून बघायचं, दांडी धरून दोन्ही गुडघे एकदम वाकवायचा-सरळ करायचा खेळ खेळायचा, म्हणजे बाळ दोन्ही पायांनी मिळून लाथा झाडायला शिकतं आणि रडं कमी होतं. हे आम्हाला दुसऱ्या एका बाळाच्या आजीने शिकवलं, बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर. त्या बाई त्या दिवशी आल्या नसत्या तर?

एकदा पाऊल पुन्हा वळलं की पुन्हा प्लास्टर, आणि काही मुलांना पुढे कंडरेची जागा बदलायची शस्त्रक्रिया. म्हणजे पहिला सगळा खर्च आणि खटाटोप पाण्यात, शिवाय मूल तोवर कळत्या वयाचं झालेलं.

म्हणून मागणं एवढंच आहे. या मुलांची 'बरी झाली' म्हणून नोंद चौथ्या वाढदिवसानंतर करा, त्याआधी नको. प्रत्येक घराला ब्रेसच्या पहिल्या आठवड्यात फोन उचलणारी एक प्रशिक्षित व्यक्ती द्या, कारण बहुतेक घरं तिथेच हात टेकतात. ठरलेल्या तारखेला मूल आलं नाही तर आरोग्यसेविकेने घरी जावं, मात्र दटावायला नव्हे, पट्टा कसा बांधतात ते बघायला. त्याच वेळी आजी-आजोबांनाही समजावून सांगता आलं तर दुधात साखर. आणि बूट! बाळाचं पाऊल भराभर वाढतं, पण पुढच्या मापाचा जोड मागणी नोंदवल्यानंतर कधीतरी येतो, तोवर बोटं बुटाच्या काठाबाहेर आलेली असतात. ब्रेस कधी सुरू झाला ते आपल्या कागदांवर असतंच. पुढचा जोड साधारण केव्हा लागेल, त्याचा हिशेब तिथूनच मांडता येईल आणि तो आधीच आणून ठेवता येईल.

कळावे,
आपला विश्वासू,
रोज रात्री ब्रेस बांधणारा एक बाप