एका इंजेक्शनावर नस जाळून घेऊ नकोस

दांडिया बाजार, बडोदे

प्रिय शरद,
सप्रेम नमस्कार.

काल तुझा फोन ठेवल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. कमरेत इंजेक्शन दिलं, दुखणं थांबलं, आता पुढच्या आठवड्यात दुखण्याचा निरोप नेणारी नस सुईच्या उष्णतेने जाळायची म्हणालास. शरद, थोडं थांब. मी याच वाटेने जाऊन आलोय.

गेल्या पावसाळ्यात मलाही पालथं झोपवून एक्स-रेखाली सुया दिल्या. चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या सांध्याला दोन नसांच्या फांद्या जातात, म्हणून दोन सुया; प्रत्येकीतून नस काही वेळ बधिर करणारं लिग्नोकेन अर्धा मिलिलिटर, जेमतेम दहा थेंब. त्याआधी शिरेतून गुंगीचं औषध. संध्याकाळी सुरसागर तलावाला अख्खी फेरी मारली, चार वर्षांत पहिल्यांदा! सुनीता तर रडलीच. डॉक्टर म्हणाले, नस बधिर केल्यावर आराम पडला, म्हणजे दुखणं याच सांध्याचं; झालं निदान, आता नस जाळू.

माझी भाची भूलतज्ज्ञ. तिने फोनवर एकच विचारलं, "मामा, आराम नेमका किती तास टिकला?" मला सांगता येईना. मग तिने समजावलं. गुंगीनेही दुखणं विसरायला होतं, औषध शेजारच्या स्नायूत पसरतं, आणि बरं व्हायची आसही आराम देते. वेगवेगळ्या अभ्यासांत एकाच इंजेक्शनावरचं निदान साधारण २५ ते ४० टक्के वेळा खोटं ठरलंय. १९९६ साली अमेरिकेत सायटिकाच्या, म्हणजे पाठीतून पायात कळ उतरणाऱ्या, ३३ रुग्णांवर एक चाचणी झाली. दुखण्याचं मूळ पाठीत, पण औषध त्याच्या खाली पायाकडे जाणाऱ्या नसेत दिलं, तरीही बऱ्याच जणांना तात्पुरता आराम पडला! म्हणजे आराम पडला तिथेच मूळ, असं धरून चालत नाही.

म्हणून दुसरं इंजेक्शन वेगळ्या दिवशी घेतलं, गुंगीशिवाय आणि जास्त वेळ टिकणाऱ्या बुपिवाकेनचं. दुखणं खरंच त्या सांध्याचं असेल तर या वेळी आरामही जास्त टिकायला हवा. मी पडून राहिलो नाही. दर अर्ध्या तासाने वाकायचं, जिना चढायचा, दुखण्याचा दहापैकी आकडा लिहायचा. वही समोरच आहे: ११ वाजता ७, साडेअकराला ७, १२ ला ७, साडेबाराला ८. तिथेच पेन ठेवलं. फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण नस वाचली. जाळली असती तर बिनकामाची जाळली असती.

तुझं दुखणं खरंच सांध्याचं असेलही, आणि तसं असेल तर जाळून वर्षभर सुख मिळू दे तुला. पण आधी तारीख पुढे ढकल आणि दुसरं इंजेक्शन माग. कोणतं औषध, किती, गुंगी देणार का, हे स्पष्ट विचार. वहिनींनाही हे पत्र वाचायला दे.

दिवस ठरला की कळव. आदल्या रात्रीच्या गाडीने पुण्याला येतो. तू जिना चढ, आकडे मी लिहीन.

तुझा,
विनायक