ताई, चिऊची लस पुढे ढकलू नकोस

मेलबर्न

प्रिय ताई,

परवा फोनवर सगळे बाजूला होते म्हणून तुला नीट बोलता येत नव्हतं ते कळलं मला, म्हणून लिहितेय, सावकाश वाच. चिऊच्या डॉक्टरांनी एचपीव्हीची, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर करणाऱ्या विषाणूविरुद्धची, लस सांगितलीये आणि सासूबाई म्हणतायत एवढ्याशा पोरीला आत्ता कशाला. त्यांची काळजी खरी आहे पण उत्तर पण सरळ आहे. हा विषाणू शरीरात शिरायच्या आधी लस दिली तरच ती पूर्ण काम करते, नंतर झालेलं इन्फेक्शन ती बरं करत नाही. आणि तो शरीरसंबंधातून पसरत असला तरी यात चालचलनाचा काही संबंध नाही गं, इतका कॉमन विषाणू आहे की सरळ संसार करणाऱ्या बाईलाही नवऱ्याकडून होतो. बहुतेकींच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो, काहींच्यात मात्र ठाण मांडून बसतो आणि पंधरा-वीस वर्षांनी गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो. भारतात २०२२ च्या अंदाजानुसार वर्षाला सव्वा लाखाच्या वर बायकांना हा कॅन्सर होतो आणि जवळपास ८० हजार जातात.

आत्याला आठव ना. किती महिने ती अंगावरून जातंय म्हणत होती आणि सगळे म्हणायचे वय झालं की होतं असं. दवाखान्यात नेलं तोवर पसरलेलं होतं. घरात त्या आजाराचं नाव पण कोणी घेत नव्हतं, मला अजून राग येतो त्याचा.

लशीत विषाणू नसतोच, फक्त त्याच्या बाहेरच्या कवचासारखं प्रोटीन असतं, आत काही नाही, त्यामुळे लशीमुळे आजार होऊच शकत नाही. ही युक्ती इथल्याच ब्रिस्बेनमध्ये इयान फ्रेझर आणि जियान झोउ यांनी १९९१ मध्ये शोधली. झोउ बिचारे १९९९ मध्येच गेले, २००६ मध्ये लस आली ती त्यांना बघायला मिळाली नाही. इथे २००७ पासून शाळेतच देतात, २०१३ पासून मुलग्यांनाही, आणि २०३५ पर्यंत हा कॅन्सर जवळजवळ संपवायचं ठरवलंय. स्कॉटलंडमध्ये तर बारा-तेराव्या वर्षी पूर्ण लस घेतलेल्या मुलींमध्ये नंतर या कॅन्सरची एकही केस सापडली नाही. हात दुखतो, कधी चक्कर येते म्हणून पंधरा मिनिटं बसवून ठेवतात, बस. पुढे मूल होण्यात अडचण येते वगैरे जे फिरतंय ते खोटं आहे.

आणि हे सासूबाईंना नक्की सांग. इथे २०२३ पासून एकच डोस देतात, त्यामागे मोठा पुरावा आपल्याकडच्या मुलींचा आहे. २००९ मध्ये भारतात अभ्यास सुरू झाला होता, पुणे, बार्शीच्या मुलीही होत्या त्यात, २०१० मध्ये सरकारने लस देणं थांबवलं आणि बऱ्याच मुलींना एकच डोस मिळाला. डॉक्टरांनी त्यांना सोडलं नाही, दहा वर्षं तपासत राहिले, तर एका डोसचं संरक्षण दोन-तीन डोसइतकंच निघालं! मला खूप भरून आलं हे वाचून. तुमचे डॉक्टर दोन सांगत असतील तर दोन दे, पण पंधरा पूर्ण झाल्यावर तिकडे तीन सांगतात, म्हणून आत्ताच. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक मिळाली तरी चालेल, या विषाणूचे सगळ्यात जास्त कॅन्सर करणारे १६ आणि १८ नंबरचे दोन्ही प्रकार तिच्यात धरलेले आहेत.

आता तुझं. तू तिशी कधीच ओलांडलीस आणि एकदाही या विषाणूची टेस्ट केली नाहीस. धाराशिवच्या खेड्यांतल्या एक लाखाहून जास्त बायकांवर परळच्या टाटा हॉस्पिटलच्या लोकांबरोबर अभ्यास झाला होता, २००९ मध्ये छापून आला. आयुष्यात एकदा एचपीव्ही टेस्ट केली तरी या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर आले. तुला तर परळपर्यंत जायचीही गरज नाही, गोखले रोडवर तुझी नेहमीची गायनॅक आहे तिलाच विचार, पाच मिनिटांचं काम आहे. दुखत नाही फारसं. चिऊने लस घेतली तरी मोठी झाल्यावर तिलाही टेस्ट करावी लागेलच.

शनिवारी संध्याकाळी फोन करते, सासूबाईंकडे दे, मी बोलते त्यांच्याशी. भाऊजींना नमस्कार, चिऊला पापा.

तुझी,
छोटी